वाटाण्याएवढे

शेफील्डला दिवाळी नुकती उलटलेली,
साडेचारलाच अंधार, आणि मिस्टर स्टॅनिफर्थ
कुंपणावरून कात्री पुढे करत म्हणाले,
'मोठे सगळे काढून टाक.'

मोठे म्हणजे लिंबाएवढे, हिरवे, टणक.
जूनपासून मोजत आलेले. सत्तावीस.
रोज सकाळी एकेकाला चाचपून
मग सात-दहाची ट्रॅम धरायची मी.
'आता पिकायचे नाहीत. कुजतील,
आणि फांदीलाही नेतील सोबत.
राखायचे ते हे.'
टोकाशी, पानाच्या बगलेत,
वाटाण्याएवढं काहीतरी होतं.
मला दिसलंही नव्हतं.

झाड विकतचं नाही.
डॉन नदीच्या काठावरून त्यांनीच फांदी आणून दिली.
तिथे पुलापलीकडे अंजीर माजलेत,
कुणी लावले नाहीत.
पोलादाच्या भट्ट्या नदी पिऊन
कोमट करून परत सोडायच्या,
गावाच्या गटारातून बिया यायच्या,
कुणाच्या तरी रविवारच्या बिस्किटातल्या,
आणि त्या ऊनऊन चिखलात
त्यांना वाटलं असेल, आलं आपलं गाव.
'चोवीस वर्षं नदी गरम ठेवली मी,' ते म्हणतात,
'पगार तेवढा पोलादाचा मिळायचा.'

भट्ट्या विझल्या. नदी नदीइतकी गार झाली.
जुनी झाडं आहेत.
नवं रोप त्यांनी तरी पाहिलेलं नाही.

मी जळगावची. अंजीर म्हणजे आमच्याकडे
चपटे, सुके, सुतळीत ओवलेले,
बाळंतिणीला दोन, तापातून उठलेल्याला एक,
रात्री वाटीत भिजत घातलेले.
ओला पाहिला तो थेट पुण्यात,
सासवडकडच्या एका बाईच्या टोपलीत,
आणि भाव ऐकून पुढे गेले.
आता आई फोनवर म्हणते,
'उंबराचं फूल झालीस बाई.'
मी हसते. ड्युटीचं सांगते.

लावताना गुडघाभर खड्डा खणायला लावला त्यांनी,
चारी बाजूंनी फरशा उभ्या,
तळाला विटांचे तुकडे ठोकून.
'मुळं मोकळी सोडलीस तर नुसती पानं येतील.
कोंडलीस तर फळ.'
मला हे पटलं नव्हतं.
फळ आलं तरी पटलेलं नाही.

कापले. सत्तावीसच्या सत्तावीस.
चिकानं बोटं चिकटली, मग खाजली,
रात्रभर वॉर्डात हातमोज्यांच्या आत खाजत राहिली.
टाकवेनात म्हणून तीन पाण्यांत उकळून
वेलदोडा घालून मुरंबा केला.
बरणी त्यांच्याकडे गेली
आणि आठवड्यानं धुऊन, पुसून, रिकामी परत आली.
कसा झाला, ते काही बोलले नाहीत.

मग पेंढा, गोणपाट, आणि वरून
हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतून बाद झालेली निळी ब्लँकेट.
जानेवारीत बर्फ पडला.
खिडकीतून झाड दिसायचं
ॲडमिट झाल्यासारखं.

पुढच्या ऑगस्टला अकरा जगले होते.
चार पक्ष्यांनी नेले. एक सकाळी
मान टाकून लोंबलेला दिसला,
मान टाकली की पिकला, हेही त्यांनीच शिकवलेलं.
बशीत ठेवून कुंपणावरून दिला.
त्यांनी वास घेतला. बशी परत केली.
'मला अंजीर आवडत नाही.'
'म्हणजे?'
'कधीच नाही आवडला.'
आणि भिंतीला तळवा लावून उभे राहिले,
दिवसभराच्या उन्हानं तापलेल्या विटांना,
जसं कुणी बाळाचा ताप बघावा.
'धरतेय अजून,' म्हणाले,
आणि चहा टाकायला आत गेले.

तो मी उभ्याउभ्याच खाल्ला.
खरं सांगायचं तर फिकाच.
त्या टोपलीतल्याची सर नसणार,
जरी तो मी कधी खाल्लेला नाही.